लेप्टोटीनच्या जावा

गप्प बसून अभ्यास करणं तिला येतच नसे. पुस्तक उघडलं की पहिल्या ओळीला तिची मान हलायची, दुसऱ्या ओळीला बोटं टेबलावर वाजायची आणि तिसरीला चक्क गाणं सुरू. शेवाळाचे प्रकार असोत नाहीतर बियांचं रुजणं असो, तिच्या हातात पडलं की त्याला भुलाबाईच्या गाण्याची चाल लागलीच म्हणून समजा. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आमच्या विदर्भातल्या पोरी ही गाणी म्हणतात. ही बया बारा महिने म्हणायची. म्हणून नागपूरच्या आमच्या वसतिगृहात तिचं नावच भुलाबाई पडलं होतं. मी तिच्या खोलीत राहायचे. बी.एस्सी.ची तीन वर्षं मी त्या गाण्यांसकट काढली.

"मले सुक्कं पाठ होत नाही वं," ती म्हणायची. "भाकर सुक्की जाते काय घशाखाली? तिले कालवण लागते. तसंच हाय हे."

मला सुकीच भाकरी जायची. माझे वडील वर्ध्याला शाळामास्तर. अभ्यास म्हणजे ताठ बसून, लाल पेन्सिलीनं खुणा करत करायची गोष्ट, हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते. खोलीत गाणं सुरू झालं की मी कापसाचे बोळे कानात कोंबायची आणि तिच्याकडे पाठ करून बसायची. तिला त्याचं काहीच वाटत नसे. उलट एकदा काटोलकडच्या तिच्या घरून ती सरकी काढलेला ताजा कापूस घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "हा घाल. तुया तो दुकानातला टोचत असन." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

खरं दुखणं मात्र अभ्यासाचं नव्हतं, शनिवारचं होतं. शनिवारी दुपारी मुली बर्डीच्या बाजारात जायच्या, सिनेमा बघायच्या, तर्री-पोहे खाऊन नाक पुसत परतायच्या. जेवणं झाल्यावर मागच्या व्हरांड्यात गाणी म्हणायला आमच्या रेक्टरबाईंची परवानगी असे. आता हेही सांगायलाच हवं की मी गाणं शिकलेली होते. लहानपणापासून गाण्याच्या बाईंपुढे बसून सरगम घोटलेली, परीक्षा दिलेल्या. त्यामुळे सुरुवात माझ्या गाण्यानं व्हायची. मुली मांडी घालून, पदर सावरून, देवळात बसावं तशा बसायच्या. माझं संपलं की "छान हं," म्हणायच्या. मग कुणीतरी उठून बादली पालथी घालायचं, भुलाबाई तिच्यावर थाप मारायची आणि अख्खा व्हरांडा गोळा व्हायचा. स्वयंपाकघरातल्या मावश्या हात पुसत यायच्या. रेक्टरबाई दारात उभ्या राहून, आपण लक्ष ठेवायला आलोय असं दाखवत, पायानं ताल धरायच्या. हिचा षड्ज कुठे लागतोय याचा हिलाच पत्ता नसे. मला मात्र कळायचं, आणि तो चढा लागलेला कळूनही मला तिच्यासारखं गाता यावं असंच वाटायचं. जळफळाट म्हणतात तो हाच.

माझी आईसुद्धा फितूर झाली होती. महिन्यातून एखाद्या रविवारी ती चिवड्याचा डबा घेऊन भेटायला यायची. फाटकातून आत येताच विचारायची, "भुलाबाई कुठंय?" मी समोर उभी असायची. मग दोघी पलंगावर बसून पापडाच्या पिठापासून कोणाच्या तरी नणंदेच्या बाळंतपणापर्यंत बोलायच्या. चिवड्यातले दाणे आई वेचून तिला द्यायची. आईशी तास-तास बोलायला विषय सापडतात हे मला तिथे कळलं.

तिच्या सगळ्या गाण्यांत गाजलं ते लेप्टोटीनच्या जावांचं. वनस्पतिशास्त्रात पेशीच्या विभाजनाचा एक भाग आहे. त्याच्या पाच अवस्था असतात, आणि त्यांची नावं पाठ करताना भल्याभल्यांच्या जिभेला गाठ बसते. भुलाबाईनं त्या पाचही जणींना एका घरात सुना म्हणून नांदायला पाठवलं.

लेप्टोटीन थोरली जाऊ, बारीक गं बारीक,
पॅकिटीन दुसरी जाऊ, अंगानं गं भारी,
झायगोटीन तिसरी आली, जोडीनं गं आली,
डिप्लोटीनचं बिनसलं, वेगळी चूल केली,
धाकटी डायकायनेसिस निघाली माहेरी.

धागे बारीक असतात, मग त्यांच्या जोड्या जमतात, मग ते जाड होतात, मग वेगळे व्हायला लागतात, हे सगळं त्यात चोख होतं. फक्त एक घोळ होता. झायगोटीनचा नंबर दुसरा असतो आणि पॅकिटीनचा तिसरा. हिनं दोघींची अदलाबदल केली होती. मुद्दाम नव्हे. तिच्या डोक्यात ते घर इतकं पक्कं बसलं होतं की पुस्तकानंच तिथे माघार घेतली. सहामाहीपासून आमच्या वर्गातल्या वसतिगृहाच्या सातआठ जणी कपडे धुताना, वेण्या घालताना, नळावर रांगेत उभ्या राहून तेच म्हणत होत्या. पुस्तक पुन्हा उघडायची कुणाला गरजच वाटली नाही.

प्रिलिमचे पेपर झाले आणि आठवड्याभरात आमच्या विभागप्रमुखांनी वसतिगृहाच्या आम्हा सगळ्या मुलींना आपल्या खोलीत बोलावलं. ते कधी हसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. समोर उत्तरपत्रिकांचा ढीग होता.

"तुम्हा सगळ्यांची एकच चूक आहे," ते म्हणाले. "वर्गातल्या एकाही मुलानं ती केलेली नाही. याला कॉपी म्हणतात. तुमचे परीक्षेचे फॉर्म मी पुढे पाठवणार नाही."

फॉर्म गेला नाही तर वर्ष गेलं. वडिलांनी मला बजावून ठेवलं होतं की पहिला वर्ग आला तर एम.एस्सी., वर्ष वाया गेलं तर सरळ घरी यायचं आणि मग स्थळं बघायची. मी चाचरत म्हणाले, "सर, मी कॉपी केली नाही. मी हिच्या गाण्यावर अभ्याससुद्धा करत नाही."

सरांनी माझा पेपर वर काढला. लेप्टोटीन, पॅकिटीन, झायगोटीन. अक्षर माझंच होतं. बरोबर क्रम मी लाल पेन्सिलीनं खूण करून पाठ केलेला होता, पण परीक्षेत त्या जागी आल्यावर पुस्तकातलं काही आठवेना, आणि आत कुठून तरी बादलीवरची थाप ऐकू आली. हात त्या तालावर लिहून मोकळा झाला होता.

"हिनं तर कानात कापूस घालून ऐकलं, सर," भुलाबाई म्हणाली. मग एक पाऊल पुढे होऊन, "कोणीच कॉपी नाही केली. हे सगळं मायं काम हाय. दाखवू काय?"

सर काही म्हणायच्या आत तिनं टाळी धरली आणि विभागप्रमुखांच्या खोलीत, काचेच्या बरण्यांतल्या नमुन्यांसमोर, पाचही जावा नांदवून दाखवल्या. दुसऱ्या ओळीपासून बाकीच्या पोरी आपसूक साथ द्यायला लागल्या. मीही.

"पॅकिटीन दुसरी कशी?" सरांनी विचारलं.

"सर, थोरली राबून राबून वाळते. दुसरी बसून खाते, म्हणून जाडी. अन् नवऱ्याच्या जोडीनं मिरवत येते ते नवी सून. ते दुसरी कशी असन?"

सर चष्मा काढून पुसत, चेहरा तसाच ठेवून म्हणाले, "खिरापत काय आणली?"

भुलाबाईची गाणी संपली की झाकून आणलेली खिरापत ओळखायची असते, हे त्या माणसाला माहीत होतं! त्यांच्या घरीही कधीकाळी बहिणी गात असतीलच.

"ओळखा, सर," भुलाबाई म्हणाली.

त्या दिवशी सर हसले. सगळ्यांची तिथेच तोंडी परीक्षा घेतली, दोन जावांची जागा बदलून गाणं पुन्हा म्हणायला लावलं आणि आमचे फॉर्म पाठवून दिले. खोलीवर आल्यावर मी पलंगावर पडून रडले. मुलींना वाटलं, सुटकेचं रडू आहे. होतंच तसं, पण निम्मं दुसरं होतं. जिच्यापासून मी तीन वर्षं कान झाकून बसले, ती माझ्या डोक्यात माझ्या अभ्यासापेक्षा खोल जाऊन बसली होती आणि वर माझं वर्षही तिनंच वाचवलं होतं.

वार्षिक परीक्षेत मला पहिला वर्ग मिळाला, तिला दुसरा. निकालाच्या दिवशी मला वाटलं, आता तरी माझा दिवस. मुली माझं अभिनंदन करून गेल्या आणि तिच्याभोवती जमल्या, कारण तिचं लग्न ठरलं होतं. वरूडकडचं घर, मोठी माणसं, संत्र्याच्या बागा. पुढे शिकायचं नाही का, असं विचारलं तर म्हणाली, "शिकली न इतकं. आता तिथल्या पोट्ट्याइले शिकवीन." तिच्या तोंडावर खंत शोधायचा मी खूप प्रयत्न केला. सापडली नाही.

ती निघाली त्या दिवशी आम्ही सगळ्या एसटी स्टँडवर गेलो. मुली तिच्या ट्रंकेवर बसून गात होत्या. गाडी लागल्यावर मी तिला बाजूला ओढलं आणि इतकी वर्षं जिभेवर असलेलं विचारून टाकलं. "खरं सांग, तुला कधी माझा हेवा वाटला नाही? एकदाही? माझा पहिला वर्ग, माझं गाणं, कशाचाच नाही?"

तिनं खरोखरच विचार केला. कपाळाला आठ्या घालून, तोंडी परीक्षेत करायची तसा. मग म्हणाली, "काहून वाटन वं? हेवा लोकायचा वाटते. तू तं मायी हायेस."

आणि माझ्या गालाला हात लावून ती गाडीत चढली. खिडकीशी, तिला घरी पोचवायला आलेला तिचा होणारा दीर आपली बॅग सरकवून तिला जागा करून देत होता. साधासा, लाजरा मुलगा. तिनं बसता बसता त्याला काहीतरी म्हटलं आणि तो मोठ्यानं हसला. गाडी हलली. मी हात हलवत उभी राहिले, आणि त्या अनोळखी पोराचा, त्याच्या घरातल्या न पाहिलेल्या माणसांचा, लग्नानंतर दर शनिवारी तिच्याभोवती जमणाऱ्या वरूडकडच्या सगळ्या बायकांचा मला असा हेवा वाटला, असा वाटला, की तिच्याविषयी वाटलेला सगळा त्यापुढे काहीच नव्हता.