चिमण्यांच्या वाट्याची झालर

घरी कोणी आलं आणि मी मागच्या खोलीत हातमोजे घालून काही ढवळत असले, की आई पाहुण्यांना सांगते, "बसा. तिचा पाक होऊन राह्यला." पाहुणे बिचारे काहीतरी गोड मिळेल या आशेवर बसून राहतात. आईने रेझिनला रेझिन म्हटल्याचं मला आठवत नाही. दोन बाटल्यांतली दोन पातळ द्रव्यं वजनकाट्यावर मोजून एकत्र करायची, भांड्याच्या कडा खरवडत सावकाश ढवळायची, साच्यात ओतायची आणि काचेसारखी आळायची वाट पाहायची. याला पाक नाही तर काय म्हणायचं, असा तिचा सवाल.

सुरुवात मी कीचेनपासून केली. मग ट्रे झाले, घड्याळं झाली. बालाघाटात आमच्या नातेवाइकांचं असं एकही घर उरलं नसेल, जिथे मी केलेलं घड्याळ भिंतीवर नाही. नवरा या उद्योगाला कारखाना म्हणतो. पण साधं रेझिन पातळ थरातच ओतावं लागतं. जाड ओतलं तर आतल्या आत तापतं आणि तडकतं. खोल साच्यात ओतायचं वेगळं मिळतं. ते चांगलं तीन बोटं जाड एकदम ओतता येतं, फक्त कमालीचं आळशी असतं, घट्ट व्हायला दिवसचे दिवस घेतं. मी उतावळी बाई. असलं रेझिन मी होऊन कधीच घेतलं नसतं. ते घेतलं आईच्या हातांमुळे.

आईचे हात थरथरायला लागले होते. आम्ही तिला गोंदियाला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नीट समजावलं की गोळ्यांनी थरथर आटोक्यात राहील, पण जाणार नाही, हळूहळू वाढेल. परतीच्या वाटेवर राजेगाव आलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापणीला आलं होतं.

"भावाले फोन कर," ती एकदम म्हणाली. "कापाच्या आधी लोंब्या पाठव म्हणा. लांब देठाच्या."

माझा भाऊ किरनापूरजवळ आमची शेती करतो. नवं धान आलं की आई लोंब्यांची झालर गुंफून दाराच्या चौकटीला टांगते, चिमण्यांसाठी. देठ ओले करायचे, वेणीसारखे गुंफत जायचे आणि प्रत्येक पेडाला नवी लोंबी जोडायची, म्हणजे दाणे एका बाजूला लोंबत राहतात. आईची वीण अशी घट्ट असायची की चिमण्यांनी शेवटचा दाणा नेल्यावरही ती मोकळी वेणी पुढच्या धानापर्यंत दारावर टिकायची.

त्या वर्षी मात्र तिला फार दिवस लागले. देठ बोटांतून निसटायचे. मी पुढे झाले की, "सरक तिकडे." शेवटची गाठ तिने दातांनी ओढली. मग दोन्ही हात पदरात गुंडाळून म्हणाली, "ही शेवटची. आता नाही जमत."

मला रडू आलं नाही, राग आला. कोणाचा, ते आजही सांगता येणार नाही. मी झालर उचलली, कपाटात ठेवली आणि ती बुडवून ठेवायला खोल ओतायचं रेझिन मागवलं. आईच्या हातची शेवटची वीण मला हवी होती, कायमची, जशीच्या तशी.

"मंग चिमण्या काय खातीन?" आईने विचारलं.

"तांदूळ टाकीन मी त्यांना."

"तांदूळ टाकशीन," ती म्हणाली, आणि त्यानंतर बराच वेळ रिकाम्या चौकटीकडे पाहत बसली. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी तिनेच विषय काढला. "माही झालर एकुलती एक हाय. आधी दुसरं काही बुडवून पाह्य." हे अगदी खरं होतं. पण बाजारात झालरी दिवाळीच्या सुमाराला मिळतात, आणि आता दिवाळी होऊन गेली होती. भावाने पाठवलेल्या लोंब्या मात्र टोपलीभर उरल्या होत्या. "मंग तूच गुंफ," आई म्हणाली.

मी कधी शिकलेच नव्हते. आई होती, ती करायची, मग मी कशाला शिकेन? आता ती माझ्यासमोर बसली, हात मांडीखाली दाबून, आणि तोंडाने शिकवू लागली. "दाबून धर. अवं इतकं नाही, मान मोडशीन त्याची." पहिली झालर तयार झाली तेव्हा नवऱ्याने विचारलं, हा झाडू कोणत्या खोलीसाठी आहे. आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

तो झाडू मी साच्यात ठेवून वर रेझिन ओतलं, आणि तो उठून तरंगायला लागला. काडीने दाबला तरी पुन्हा वर. आमच्याकडे बियाणं पाण्यात टाकून बघतात, जे वर येईल ते पोचट. आई वाकून म्हणाली, "तुह्या पाकात तं सारंच धान पोचट निघून राह्यलं." वर प्रत्येक दाण्यातून बारीक बुडबुडे सुटत होते. तुसाच्या आत हवा असते, हे तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. घट्ट झालं तेव्हा सोडावॉटर गोठवल्यासारखं दिसत होतं.

मग लोंब्या उन्हात कडक वाळवायच्या, ब्रशने त्यांना रेझिनचं पातळ अस्तर द्यायचं, ते सुकलं की झालर साच्याच्या तळाला चिकटवायची आणि मगच ओतायचं, हे एकेक करत कळत गेलं. त्यात थंडी पडली. थंडीत रेझिन आणखी सुस्त. आई रोज येऊन विचारायची, "आळला का?" आणि फसलेल्या दर साच्यामागे मला नवी झालर गुंफावी लागायची. हळूहळू तिच्या सूचना कमी झाल्या. एका दुपारी मी गुंफत होते आणि समोर बसल्या बसल्या तिला झोप लागली. मी कामात होते, त्याचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

शेवटी एक साचा मनासारखा निघाला. आता आईची झालर. मी साचा पाणसळ ठेवून समतल केला, शेजारी टेबलावर माझी शेवटची सरावाची झालर तशीच पडली होती, अस्तर दिलेली, वाळलेली. आईच्या झालरीलाही मी आदल्याच दिवशी अस्तर देणार होते, तर आई म्हणाली होती, राहू दे, उद्या दे. मला वाटलं, मला हात लावू द्यायचा तिला धीर होत नसेल. म्हणून ठरवलं की अस्तरापुरतं थोडं रेझिन आधी कालवू. काट्यावर मोजताना मात्र घाईत सगळंच ओतलं, उतावळेपणा, दुसरं काय. ढवळून झालं आणि मी कपाट उघडलं. कपाट रिकामं होतं.

झालर दारावर होती. तिच्यावर चिमण्या लोंबकळत होत्या आणि उंबऱ्यावर तूस पडलं होतं. आई खुर्ची टाकून समोर बसली होती.

"काहून असं केलं तू?" मी ओरडलेच. हातात भांडं तसंच होतं.

"जावईबापूंनी टांगून देल्ली. मीच म्हटलं त्याह्यले."

"आई, ती शेवटची होती."

"हौ. म्हणूनच." तिने चिमण्यांवरून नजर काढली नाही. "माही झालर चिमण्यांच्याच वाट्याची असते. तुले ठेवाची हाय तं टेबलावरची ठेव. ते बी मीच केली, तुह्या हातानं."

एकदा मिसळलेलं रेझिन परत दोन बाटल्यांत जात नाही. मी आत गेले, माझी झालर साच्यात चिकटवली आणि ओतलं. हातमोज्यांमुळे डोळे पुसता येत नव्हते, ते खांद्याला पुसले. ओतताना पहिल्यांदाच ती झालर मी नीट पाहिली. वीण आईसारखी होती. तिच्याइतकी सरळ नव्हती, पण दाबून धरलेली आणि मान न मोडलेली होती.

तो ठोकळा आता बैठकीत असतो. मी कोणाला देत नाही.

यंदा धान आलं तेव्हा आईला लोंबी नीट धरताही येत नव्हती. मी एकटीने झालर गुंफली आणि चौकटीला टांगली. पहिल्या दिवशी एकही चिमणी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी उगाच आत-बाहेर करत होते आणि काहीच झालं नसल्याचा आव आणत होते. आई हात पदरात घेऊन तशीच खुर्चीवर बसून होती. मग एक चिमणी चौकटीवर उतरली, मान वाकडी करून झालरीकडे पाहिलं, आणि लोंबीला उलटी लटकून दाणे सोलायला लागली. पाठोपाठ दुसरी आली.

"चिमण्यांले काही फरक नाही समजला," आई म्हणाली.

पदरातून हात बाहेर काढून तिने माझा हात धरला. तिचा हात थरथरत होता. मी तो थरथरू दिला.