पहिलं बाळंतपण दुधनीला

मोंबासाच्या एका कापडाच्या पेढीवर मला नोकरी लागली, तेव्हा सोलापुरातल्या आमच्या गल्लीतून मी समुद्र ओलांडून परत आल्यासारखा चालू लागलो. पासपोर्टचा अजून पत्ता नव्हता.

कलेक्टर कचेरीतल्या अव्वल कारकुनांनी माझा पासपोर्टचा अर्ज पाहिला. "जन्म दुधनीचा? म्हणजे तुम्ही अक्कलकोट संस्थानची प्रजा. तिकडचा दाखला आणा."

अक्कलकोटला गेलो. तिथले म्हणाले, "आमच्याकडं बापावरून धरतात. वडील सोलापूरचे ना? मग तुम्ही इंग्रजांचे."

परत आलो. "वडील तरी इंग्रजी हद्दीत जन्मले का?" कारकुनांनी विचारलं. वडीलही घरात थोरले, त्यामुळं जन्म आजोळी, निजामाच्या मुलखात. माझा धाकटा भाऊ तेवढा सोलापुरात जन्मला, म्हणून काही न करता ब्रिटिश प्रजाजन. मी मात्र कुणाचाच नाही.

बोटीला महिना उरला होता. घरी येऊन आईवरच चिडलो. "तुला बाळंतपणाला दुधनीच सापडली?"

"पहिलं बाळंतपण माहेरी न्हाय तर काय कलेक्टरच्या बंगल्यावर करू?"

दुसऱ्या दिवशी ती स्वतः कचेरीत आली. मी तिच्या मागं लपल्यासारखा उभा.

"अण्णा, तुमी थोरले का धाकटे?" तिनं कारकुनांनाच विचारलं.

"थोरला. का हो बाई?"

"मग जन्म आजोळीच की. कुटलं आजोळ?"

"जमखंडी," कारकून म्हणाले, आणि त्यांचा टाक थांबला.

"तेबी संस्थानच की वो!"

तिनं शेजारच्या टेबलाकडं मान वळवली. तिथले गृहस्थ घाईनं फायलीत शिरले.

कारकुनांना रागवायचा पूर्ण हक्क होता. पण त्यांनी कोरा कागद ओढला आणि साहेबासाठी दोन पानं इंग्रजी लिहून काढलं : या देशात मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते, काही महिन्यांनी परत येते, तेवढ्यानं मूल त्या राज्याचं होत नाही. माझ्यासाठी इतकं सुरेख कुणी भांडलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा नाही.

साहेबांनी मान्य केलं. पासपोर्ट घरी आला. आईनं तो उलटसुलट करून पाहिला.

"आता तू कोण, ते लिव्हलंय ह्यात?"

"व्हय."

"आन परत कवा येणार, ते?"

ते लिहिलेलं नव्हतं. तिनं पासपोर्ट माझ्या हातात दिला आणि माझ्यासोबत द्यायची शेंगाचटणी कुटायला बसली.