एकझटक्यांची बटणवाली मोटर

तळ्याच्या धक्क्यावर कुणाची मोटर कितव्या झटक्याला चालू झाली, हे लपून राहणं शक्य नव्हतं. होडीच्या मागच्या फळीला मोटर अडकवलेली, तिच्या डोक्यात गुंडाळलेली दोरी, दोरीच्या टोकाला मूठ. मूठ धरायची आणि हिसका देऊन ओढायची. पहिल्याच ओढीला मोटर बोलली तर उत्तम. नाहीतर आजूबाजूच्या होड्यांतले सगळे मिळून मोठ्याने मोजायला लागत, "दोन… तीन… चार…" आणि ज्याचं मोजणं फार लांबे, त्याची दिवसभर धडगत नसे.

या धक्क्यावर एका माणसाचं मोजणं कधी दोनवर गेलं नव्हतं. म्हणून लोकांनी त्याचं आडनावच बदलून टाकलं, एकझटके. त्याच्या बायकोला सगळा धक्का वहिनी म्हणायचा. वहिनीला हे नवं आडनाव फारसं पसंत नव्हतं, पण नवऱ्याला ते इतकं आवडलं होतं की फोन आला तरी तो "एकझटके बोलतोय" म्हणायचा.

"लोकांना सवत असते ती दोन पायांची," वहिनी म्हणायची, "माझी आठ घोड्यांची आहे."

तिचं काही चूक नव्हतं. संध्याकाळी होडी काठाला लागली की तो आधी मोटर उतरवायचा, ढकलगाडीवरून मागच्या अंगणात आणायचा आणि पाण्याने भरलेल्या पिंपात उभी करायचा. मग पेट्रोलची नळी काढून मोटर आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायची, म्हणजे आत पेट्रोल साचून चिकट होत नाही. मागून पाण्याची बारीक धार पडतेय ना, ते बघायचं. धार बारीक झाली तर आतली रबराची चकती थकली असं समजायचं आणि मोटर तापायच्या आत ती बदलायची. पंखा काढून त्याच्यामागे तंगूस अडकलाय का ते पाहायचं, कारण मासे धरायचा तो नायलॉनचा दोरा एकदा का तिथे गुंडाळला की आतलं रबर कापतो आणि तेलात पाणी शिरतं. हे सगळं होईपर्यंत घरात कुणी जेवायला हाक मारायची नाही. एकदा तेल बदलताना वहिनी शेजारी उभी होती, तिनेच आधी पाहिलं. "अहो, हिच्या तेलाचा चहा झालाय," ती म्हणाली. खरंच तेल दुधाळ झालं होतं. त्या दिवशी सवतीचा जीव वहिनीने वाचवला, आणि नवऱ्याने हे पुढे चारचौघांत कितीदा तरी कौतुकाने सांगितलं.

त्याचा एकच हट्ट वाईट होता, तो म्हणजे ग्रीस. जगातल्या सगळ्या दुखण्यांवर ग्रीस हेच औषध, असं त्याचं ठाम मत. कुरकुरणाऱ्या दाराला ग्रीस, खिडकीच्या कडीला ग्रीस. एकदा त्याने प्रेमाने वहिनीच्या शिलाई मशीनलाही लावलं, आणि तिच्या भाचीच्या पांढऱ्या फ्रॉकचं जे झालं ते झालं.

मोटर निवडण्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि ही अक्कल ठेच लागून आलेली होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याने ऐटीत लांब दांड्याची मोटर आणली. होडीची मागची फळी बुटकी, त्यामुळे पंखा पाण्यात इतका खोल गेला की काठाजवळचं सगळं शेवाळ ओढून आणू लागला. महिनाभर घरी मासे कमी आणि पाला जास्त यायचा. तेव्हापासून त्याच्या खिशात मोजपट्टी असे. कुणी नवी मोटर घ्यायला निघालं की हा आधी त्याच्या होडीची फळी मोजायचा, मग होडीचं वजन, माणसं किती, जाळी किती, हे विचारायचा आणि मग सांगायचा, "एवढे घोडे पुरे. जास्त लावलेस तर घोडे पुढे जातील आणि तू मागे पाण्यात बसशील."

अशा माणसाची स्वतःची मोटर या हंगामात अचानक बिघडली. निदान तो तरी तसं म्हणत होता.

त्याने स्पार्क प्लग बदलले, कार्बोरेटर उघडून साफ केला, पुन्हा उघडला, पुन्हा साफ केला. मग धक्क्यामागच्या मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री तरुण, तोंडाने भरभर आणि हाताने त्याहून भरभर. मोटरी विकायचाही आणि दुरुस्तही करायचा. त्याने ती पिंपात लावली, एकदाच दोरी ओढली आणि मोटर गुरगुरली.

"मामा, ठणठणीत आहे हो ही."

"तुझ्याकडे आली की सोंग करते," एकझटके म्हणाला आणि तिला घरी घेऊन आला.

नाचता येईना अंगण वाकडं, हे वहिनीला तेव्हाच कळलं होतं. नवरा हल्ली शर्ट घालताना आधी उजवा हात बाहीत सरकवायचा, आणि तोही डाव्या हाताने धरून. फळीवरचा डबा काढायचा असला की तिला हाक मारायचा. सकाळी इतरांच्या आधी निघायचा, वल्ही मारत वेताच्या बेटापलीकडे जायचा आणि तिथे, कुणी बघायला नसताना, दोरीशी झटापट करायचा. वल्ही मारताना दोन्ही हात आणि पाठ कामाला येतात. झटका मात्र एकट्या उजव्या खांद्यावर येतो, आणि तो खांदा आता साथ देत नव्हता. डॉक्टरांचं नाव काढलं की तो विषय बदलायचा. वहिनी मूग गिळून बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ तर त्या दोरीची होती.

पण एका संध्याकाळी जेवता जेवता तो म्हणाला, "या हंगामानंतर होडी विकून टाकू. मोटर जुनी झाली, तळ्यात मासेही राहिले नाहीत."

वहिनीने ताटातून वर पाहिलं. मासे होते. ताटातही होते. या माणसाला तळ्याशिवाय दुसरी जागा ठाऊक नव्हती. तो घरात बसला तर दारं-खिडक्यांना ग्रीस लावत बसेल आणि वर्षभरात वाळून जाईल, हे तिला समोरच्या भाजीइतकं स्पष्ट दिसलं.

"होडी कशाला विकायची? नवी मोटर घेऊ," ती म्हणाली. "ती बटणवाली निघालीय ना, तसली."

"बटण?" त्याने घास खाली ठेवला. "बटण दाबायला ती काय दारावरची बेल आहे? शिवाय बॅटरी आली. तिचं ओझं मागच्या बाजूला, होडीचं नाक आभाळात. आणि एकझटके बटण दाबतोय हे बोक्याने पाहिलं की मला धक्क्यावर पाय ठेवायला नको."

बोका म्हणजे शेजारचा होडीवाला. मिशा तशा, आणि दुसऱ्याच्या टोपलीत डोकावायची सवयही तशीच. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं. बटण का नको, याचं खरं कारण नवऱ्याच्या तोंडून शेवटी निघालं होतं. वहिनीने तेवढंच उचललं.

दुसऱ्या दिवशी ती त्याला "नुसती बघायला" म्हणून मिस्त्रीच्या दुकानात घेऊन गेली. मोटरी ओळीने लाकडी घोड्यांवर टांगलेल्या होत्या. तो लगेच रमला. पंख्यांची पाती चाचपली, मोजपट्टीने दांडे मोजले, फोर स्ट्रोक मोटरीत पेट्रोलात तेल मिसळावं लागत नाही हे मिस्त्रीला पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. मिस्त्रीने एक मोटर पिंपात लावली आणि दोरीची मूठ त्याच्यापुढे धरली.

"ओढून बघा ना मामा. तुमच्या हाताचं शिक्कामोर्तब झालं की खपली."

एकझटक्याने मुठीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही बघायला लागली.

"यांचं सोडा," वहिनी मध्येच म्हणाली. "मोटर मला हवीय. मला शिकायचंय, आणि ही दोरी काही माझ्याच्याने ओढवत नाही. बटणवाली दाखवा."

नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिला आज पहिल्यांदाच बघतोय. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला.

"हो ना," तो मिस्त्रीला म्हणाला. "हिला दोरी जमत नाही. आता हौस आहे म्हटल्यावर काय करणार?"

अशी ती बटणवाली मोटर घरी आली. बॅटरीचं वजन तोलायला त्याने पेट्रोलची टाकी होडीच्या पुढच्या टोकाला नेली आणि होडी सरळ बसवली. धक्क्यावर प्रत्येकाला तो आपणहून सांगत सुटला, "बायकोसाठी घेतली. तिला दोरी ओढवत नाही." हे तो इतक्या खुशीने सांगायचा की महिनाभरात त्याला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं.

मेख वेगळीच होती. मोटर वहिनीसाठी घेतली म्हटल्यावर बटण वहिनीनेच दाबायला हवं, नाहीतर लोक विचारतील. त्यामुळे जिने उभ्या जन्मात कधी गाल गार करणाऱ्या वाऱ्यात पहाटे उठून काही केलं नव्हतं, ती आता रोज शाल गुंडाळून होडीत बसू लागली. तो गिअर मध्यावर आणायचा, पेट्रोलचा फुगा दाबायचा, आणि ती बटण दाबायची. मग एवढ्यासाठी तिला परत काठावर कोण उतरवणार म्हणून तीही तळ्यावर जायची. सुरुवातीला तिला मळमळायचं. नंतर ती जाळं धरायला लागली. पुढे तर मासे कुठे आहेत यावर नवऱ्याशी भांडायलाही लागली.

एका सकाळी तिने बटण दाबलं आणि नुसतं टिक असा आवाज आला. पुन्हा दाबलं. टिक.

धक्का भरलेला होता. बोक्याने आपली मोटर बंद केली.

बटणवाल्या मोटरलाही अडीअडचणीसाठी दोरी असतेच, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. "चला, आता एकझटके ओढणार," कुणीतरी म्हणालं. माना वळल्या. नवरा होडीच्या मध्यात उभा होता, डावा हात उजव्या कोपराखाली. त्याच्या कपाळावर घाम आलेला वहिनीला दिसला.

तिने शाल काढून ठेवली आणि दोरीची मूठ धरली.

"मीच ओढते," ती म्हणाली. "शिकायचं म्हटल्यावर हेही शिकायला हवं."

पहिल्या ओढीला दोरी अर्धीच आली. "एक," कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळा धक्का मोजायला लागला. दोन. तीन. चार. तिचा तळवा लाल झाला. अंबाडा सुटला. पाच. सहा. लोक हसत होते, प्रेमानेच हसत होते, पण हसत होते.

"वहिनी," बोका ओरडला, "अहो, बटणाने हात लाडावले तुमचे. मनगटात काही राहिलंच नाही. एकझटक्यांच्या घरात हे शोभत नाही. सोडा, यजमानांकडे द्या."

तिने पुन्हा मूठ घट्ट धरली.

"थांब," नवरा म्हणाला.

"राहू द्या हो, होईल आता."

"थांब म्हणतोय ना." तो धक्क्याकडे वळला. आवाज चढवला नव्हता, तरी मोजणी थांबली. "हिच्या मनगटाला काही झालेलं नाही. खांदा माझा गेलाय. पार गेलाय. हंगाम सुरू झाल्यापासून मला दोरी ओढवत नाही, शर्टसुद्धा धड घालवत नाही. बटण माझ्यासाठी आहे. ही उगाच सगळं स्वतःवर घेऊन माझ्यासाठी रोज थंडीत येऊन बसते, आणि मी बसू देतो. तेव्हा हसायचं असेल तर मला हसा."

कुणी हसलं नाही. बोका आपल्या होडीतून यांच्या होडीत उतरला, मूठ घेतली आणि ओढली. त्याला चार झटके लागले. ते कुणी मोजले नाहीत.

नंतर मिस्त्रीने पाहिलं तेव्हा बॅटरीला काही झालं नव्हतं. आदल्या संध्याकाळी तिच्या तारा काढून एकझटक्याने दोन्ही टोकांवर मायेने बोटभर ग्रीस थापलं होतं आणि त्यावरच तारा परत लावल्या होत्या. मिस्त्रीने ते पुसलं आणि तारा घट्ट आवळल्या.

त्या दिवशी तळ्यावरून परतताना वहिनी म्हणाली, "एवढे दिवस गारठ्यात उठले, ते सगळं पाण्यात घातलंत."

"उद्यापासून झोप," तो म्हणाला. "आता बटण मीच दाबेन. लपवायला काही राहिलं नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि तिला वाटलं होतं तितका आनंद तिला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला जाग आली, पण ती डोळे मिटून पडून राहिली. तो उठल्याचं, चूळ भरल्याचं, दाराची कडी काढल्याचं तिने ऐकलं. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. शेवटी पावलं परत आली आणि तिच्या उशाशी थांबली. तिने डोळे उघडले. त्याच्या डाव्या हातावर तिची शाल होती.

"उठतेस का?" तो म्हणाला. "एकट्याला नाही जावंसं वाटत."