न उठलेली सुई

नव्वद सालानंतरची गोष्ट. माझ्या बायकोला संध्याकाळ झाली की ताप चढायचा. मानेत बोराएवढी गाठ आली होती. अंगावरची चोळी सैल होत चालली होती. सांधेदुखीच्या गोळ्या तिला कितीतरी वर्षांपासून चालू होत्या. त्या सोडल्या की बोटं सुजून घासही धरता येत नव्हता. शेवटी आमच्या बाजारहत्नूर गावाहून इचोडा आणि तिथून आदिलाबाद, असं बसनं तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तेलुगू, पण आमच्याशी आमच्याच बोलीत बोलायचा. त्यानं तिच्या हातावर कातडीतच बारीक सुई टोचली, भोवती पेनानं गोल काढला. म्हणाला, "तिसऱ्या दिवशी या. फुगलं तर टीबीचा संशय."

घरी आलो तरी माझी नजर तिच्या हातावरच. शेतात जायचो अन् अर्ध्या वाटेतून परतायचो. ती म्हणे, "हात पळून चालला का माहा? कापूस वेचा जाऊन."

हात सपाट राहिला. मी गल्लीभर सांगून टाकलं, सुई उठली नाही, टीबी नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरनं हात चाचपला तर त्याचाच चेहरा उतरला. "गाठीत सुई घालून पाणी काढावं लागंल."

मी अडलो. "तुमीच म्हणले, फुगलं तर रोग. फुगलं नाही, मंग मानेत सुई काऊन?"

"काका, यांच्या अंगात फुगवायची ताकदच नाही."

"असं कुठं असते? मले टोचा. मी धडधाकट आहो."

तो हसला, पण टोचलं. तिसऱ्या दिवसापर्यंत माझा हात लालबुंद झाला, रुपयाएवढा टणक फुगला. रोग माझाच, मीच तिला दिला, असं वाटू लागलं.

डॉक्टरनं माझ्या छातीचा फोटो काढला. साफ निघाला. मग आमचे दोघांचे हात टेबलावर शेजारी ठेवले.

"टीबीचा जंतू कधीतरी तुमच्या अंगात शिरला असंल. अंगानं ओळखलं, म्हणून हात उठला. यांचं अंग ओळखतच नाही. ज्या गोळीनं सांध्याची सूज उतरते, ती गोळी हातावर तरी सूज कशी येऊ देईल?"

तरी जीव धजत नव्हता. बायकोकडे पाहिलं.

"माह्याकडं काय पाह्यता?" ती म्हणाली. "मान माही आहे. टोचू द्या."

गाठीतलं पाणी काचेवर पसरून आत नेलं. बाहेरच्या बाकावर मला बसवेना, उभंही राहवेना. डॉक्टर बाहेर आला. जंतू दिसले होते.

"वाचंल का?"

"गोळ्या एक दिवसही चुकवू नका. मग पाहू."

मी तिच्याजवळ जाऊन सांगितलं. ती पदर सावरत उठली.

"मंग तोंड काऊन पाडलं? आता कोणाशी भांडायचं ते तरी समजलं."