सरांचं नाक

गेल्या सोमवारी मदन महलच्या प्रशिक्षण केंद्रात आमच्या सरांनी व्हिनेगर झालेला मोहाचा सडवा उत्तम ठरवला. दारू गाळण्याआधी आंबवलेल्या फुलांचा, म्हणजे सडव्याचा, वास ओळखायला शिकवणं, हीच त्यांची नोकरी. मी तिथे कचेरीत असतो. दारातून वर्ग दिसतो.

सरांची एक रीत होती. मडक्यावर वाकून, डोळे मिटून ते आधी विद्यार्थ्यांनाच विचारायचे, "क्या आ रहा है नाक में? बोलिए." उत्तर आलं की मान हलवून तेच फळ्यावर लिहायचे. ही रीत दोन वर्षांपासूनची. त्याआधी ते कोणाला बोलू द्यायचे नाहीत.

सोमवारी कुंडमची एक बाई म्हणाली, "बढ़िया है सर, एकदम मीठा." तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मोह गाळतात. सरांनी फळ्यावर 'मीठा' लिहिलं. मागच्या बाया पदराआड हसल्या.

"सर, ये तो सिरका हो गया," ती म्हणाली. "हम मज़ाक कर रहे थे. आपको सच में नहीं आया?"

सरांनी दाराकडे पाहिलं. तिथे मराठी समजणारा मी एकटाच होतो. "सर्दी होऊन राहिली थोडी," ते म्हणाले.

मग त्यांनी उरलेल्या सगळ्या मडक्यांची फडकी सोडली आणि एकेकावर वाकून श्वास घेत गेले. हसणं केव्हाच थांबलं होतं. शेवटच्या मडक्याशी ते बराच वेळ वाकून होते.

मंगळवारपासून ते केंद्रात आलेले नाहीत.