दगड हातात आहे तोवर

मला वाटलं होतं, हिंगणीजवळच्या त्या शाळेतली मुलं राग आला की गप्प बसत असतील, त्यांच्याकडे भावनांसाठी शब्द नसतील, आणि ते शब्द मी त्यांना देईन. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी तिसरीतल्या एका मुलानं मला सांगितलं, "मॅडम, मले राग नाई आला. मी कदरलो, कटाळलो. दोन्ही येगयेगळं असते."

माझं घर हिंगणघाटचं. पण चौथीपासून मी डेहराडूनच्या वसतिगृहात होते आणि कॉलेज तर समुद्रापलीकडे झालं. तिथेच लहान मुलांच्या भावनांवर काम करायला शिकले. परत आले तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि दगड जास्त होते: गुलाबी स्फटिक, जांभळा स्फटिक, एक काळा गुळगुळीत दगड. त्यातून काय निघेल याचा एक सविस्तर आराखडाही होता. आराखड्यातलं फारसं काही झालं नाही. किस्से मात्र असे साठत गेले की मैत्रिणींचे फोन आले की त्या आधी तेच मागतात. सगळे सांगत बसत नाही. हे काही.

*

मुख्याध्यापक वानखेडे सरांनी मला खिचडीच्या तांदळाची खोली रिकामी करून दिली. दगडात काही शक्ती नसते, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. राग आला की मुलानं या खोलीत यायचं, एक दगड मुठीत धरायचा, सावकाश श्वास घ्यायचा. हाताला धरायला काही मिळालं की मारायला उशीर होतो. त्या उशिरावर माझा पूर्ण विश्वास होता. अजून आहे.

मुलांनी माझे स्फटिक उलटसुलट करून पाहिले. "मॅडम, अशा गारगोट्या आमच्या वावरात गंज हायेत, ढीगभर," एक जण म्हणाला. मी उत्साहानं म्हटलं, "मग आणा की."

दुसऱ्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. नदीतले गोटे, वावरातल्या गारगोट्या, एक विटेचा तुकडा. खिचडी शिजवणाऱ्या शोभाताई दारातूनच म्हणाल्या, "मॅडम, तांदूय काढून मुरूम भरला का?"

तेवढ्यात चौथीतला मोहित आणि त्याचा मित्र धापा टाकत आले. दोघांच्या मधे पोत्यात एक धोंडा होता. एवढा मोठा कशाला, असं मी विचारलं.

"माहा राग मोठा हाय मॅडम," मोहित म्हणाला. "या लहान्याईत मावत नाई."

*

माझ्याकडे लव्हेंडरच्या पाण्याची एक बाटली होती. खोलीत हलकासा फवारा मारायचा, वास येतो, मन निवतं. पहिला फवारा मारला आणि मागे वळले, तर सगळ्या वर्गानं रुमाल, ओढणी, शर्टाची कॉलर, जे हाताला लागेल ते नाकातोंडावर बांधलं होतं.

ही सगळी कपाशीवाल्यांची पोरं. वावरात औषधाची फवारणी कशी करतात ते त्यांना पाळण्यातून ठाऊक. एक मुलगी दारात जाऊन बाहेर हात काढून उभी राहिली आणि मला समजावून सांगू लागली, "मॅडम, आधी हवा कोनीकडची हाय ते पाहा. तुमी हवेच्या तोंडी मारून राह्यल्या."

मुलं शांत झाली होती, हे मात्र खरं. फडक्याआडून कोण बोलणार?

*

डोळे मिटायचे आणि जिथे आपल्याला सगळ्यात बरं वाटतं ती जागा मनात आणायची, असा एक प्रकार मी पितळी वाटी वाजवून घेत असे. समुद्रकिनारा, डोंगर, बाग, अशी उत्तरं मी परदेशात ऐकली होती.

एक मुलगी म्हणाली, "मामाच्या घरी कापसाचा ढीग लागते, त्याच्यावर." हे उत्तर मला इतकं आवडलं की मी ते आराखड्यात लिहून ठेवलं.

मोहित म्हणाला, "सेलूचं एटीएम."

"एटीएम कशाला रे?"

"एसी असते न मॅडम. आन आत एकच जन जाते. बाकीचे भाईर उभे राह्यतात."

तन्वीनं डोळे मिटलेच नाहीत. तन्वी चौथीत, अंगानं किरकोळ, आणि चावायची. भांडणात इतर मुलं ढकलतात, केस ओढतात. ही सरळ दात रोवायची. तिच्या आईनं, वंदनाताईंनी, पहिल्याच आठवड्यात येऊन सांगितलं होतं, "मॅडम, मी वांगे इकाले बाजारात बसू का हिच्या तक्रारी आयकत बसू? आता एकबी तक्रार घरी आली त मी दाखला काढतो आन हिले हिंगनघाटले हॉस्टेलात टाकतो. भाऊ हाय माहा तिथं." त्या रागावून बोलत नव्हत्या. थकून बोलत होत्या, म्हणून मला त्याची भीती वाटली.

मी तन्वीजवळ जाऊन बसले. "डोळे काऊन नाही मिटत?" वऱ्हाडी मला तोडकीमोडकीच येते.

"मिटले की कोनी मारून पयते," ती म्हणाली.

दगडही तिनं घेतला नाही. एकदा तरी तिनं तो हातात घ्यावा, मग जे व्हायचं ते होऊ दे, असं मी तेव्हापासून धरून बसले.

*

मग मी एक नियम केला. ज्याच्या हातात दगड आहे, त्याला कुणी रागवायचं नाही, काही विचारायचं नाही, ओढायचं नाही. तो खाली ठेवेपर्यंत थांबायचं.

मुलांनी तो नियम माझ्या अपेक्षेपेक्षा फार मनावर घेतला. लंगडीत बाद होणारा मुलगा खोलीत पळत जाई आणि दगड घेऊन बाहेर येई. गृहपाठ न केलेले सगळे एका रांगेत, मूठ पुढे करून. सर छडी कधी वापरत नसत, पण बोलतही येईना म्हणून वैतागले. मला बोलावून म्हणाले, "मॅडम, हा त शाळेत अटकपूर्व जामीन झाला. इथं अटकच होत नाई कोनाले."

मी नियम मागे घेते म्हटलं, तर मोहितनं वर्गात उभं राहून हरकत घेतली. "नियम तुमीच केला मॅडम. आता आमी काहून सोडू?"

शेवटी सरांनीच तोड काढली. खिशातला दगड चालणार नाही. मुठीत हवा, आणि मूठ सगळ्यांना दिसली पाहिजे. झालं. मुठीत दगड असला की लिहिता येत नाही, कबड्डी खेळता येत नाही, नीट खाता येत नाही. मुलं चटकन दगड ठेवू लागली. सर खूष.

*

ही तोड सरांच्याच अंगाशी आली, किंवा कामी आली म्हणा. एक दिवस न सांगता वरचे साहेब तपासणीला आले. शौचालयाचं दार, भिंतीवरचे तक्ते, अर्धवट माहिती, साहेबांची गाडी सुटली ती थांबेना. सर "हो जी, हो जी" करत मागे मागे सरकत तांदळाच्या खोलीपर्यंत गेले. साहेब आत शिरले तेव्हा सर खिडकीपाशी उभे होते. उजवी मूठ पुढे, आणि मुठीत जांभळा स्फटिक.

"वानखेडे, मी काय विचारून राह्यलो?"

सरांनी मूठ आणखी पुढे केली. विचारायचा नियमच नव्हता. मी पुढे होणार तोच दारातून मोहितचा आवाज आला. "साहेब, त्याईले दगड खाली ठेवू द्या. मंग बोला."

साहेबांनी खोली पाहिली, गोटे पाहिले, पोत्यातला धोंडा पाहिला. मी भीतभीत सगळी पद्धत समजावली. त्यांनी ऐकून घेतलं, मुलांच्या छोट्या स्टुलावर बसले, घाम पुसला.

"अजून चार शाळा बाकी हायेत," ते म्हणाले. "दुसरा हाय का एखादा?"

*

तान्ह्या पोळ्याला आमच्याकडची मुलं लाकडी बैल सजवून काढतात. त्या वर्षी शाळेच्या बैलांच्या कपाळावर माझे स्फटिक चिकटले होते, च्युइंगमनं. सिंदी गावच्या पोळ्याच्या गर्दीत गुलाबी दगड हरवला. ज्याचा बैल, त्याला विचारलं तर म्हणाला, "बैलाले राग आलता मॅडम. त्यानं धरला असंन."

तन्वीचा बैल साधा होता, नुसता झूल घातलेला. निघायच्या आधी शाळेसमोर रांग लागली तेव्हा एका मुलानं त्याचं शिंग पिरगाळलं. मला वाटलं, आता चावणार. तन्वी त्याच्या हाताकडे बराच वेळ पाहत राहिली. मग बैल उचलून रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. उगाच कुरबूर नको, म्हणून मी त्या मुलाच्या घरी बोजाऱ्यात, म्हणजे पोळ्याला मुलांना देतात त्या भेटीत, जास्तीचे लाडू पाठवले. तक्रार आली नाही.

*

आता शेवटचा.

दिवाळीनंतर मोहितनं तन्वीच्या आईला वर्गात "वांगेवाली" म्हटलं. तसं त्यात काही खोटं नव्हतं, पण म्हणायची एक रीत असते. तन्वीनं त्याच्या मनगटाला दात लावले. संध्याकाळी मोहितची आई वंदनाताईंच्या दारात गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वंदनाताई शाळेच्या ऑफिसात उभ्या होत्या.

"सर, दाखला द्या. भावाले फोन केला मी."

मी बोलून पाहिलं. पोळ्याला ती कशी थांबली ते सांगितलं. वंदनाताई म्हणाल्या, "मॅडम, तुमी चांगल्या हा. पन लोक माह्या दारात येतात, तुमच्या नाई." सरांनी पेन उघडलं.

तन्वी वर्गातून उठून आली. आईकडे आली नाही, तांदळाच्या खोलीत गेली. बाहेर आली ती ऑफिसच्या दारात उभी राहिली. मूठ पुढे. बोटांच्या फटीतून काळा दगड दिसत होता.

"चाल, दप्तर घे," वंदनाताई म्हणाल्या.

ती हलली नाही. वंदनाताईंनी तिचं मनगट धरायला हात पुढे केला. व्हरांड्यात सगळी शाळा जमली होती. मनगटाला फडकं बांधलेला मोहित पुढे आला आणि हळूच म्हणाला, "काकू, दगड हाय तिच्या हातात."

वंदनाताईंचा हात तसाच राहिला. मग त्यांनी तो पदराखाली घेतला. सरांनी पेनाला टोपण लावलं.

"वंदनाताई, आता मले लिहिता येत नाई."

"म्हन्जे?"

"तिनं ठेवला की लिहितो. तिकडं खोलीच्या खिडकीत मॅडमची पितळी वाटी हाय न, वाजवाची? तिच्यात ठेवला म्हन्जे ठेवला. दुसरीकडं कुठं ठेवला त आमी नाई धरत."

असा नियम नव्हता. ती वाटी मी डोळे मिटायला सांगताना वाजवत असे, एवढंच. मी सरांकडे पाहिलं. सर टेबलावरची धूळ पुसत होते.

वंदनाताई व्हरांड्यात बसल्या. खिचडीची वेळ झाली. मुलं पंगतीत बसली, तन्वीही बसली, मूठ मांडीवर. शोभाताईंनी ताट वाढलं. तन्वी ताटाकडे पाहत राहिली, डावा हात लावेना. बऱ्याच वेळानं वंदनाताई उठल्या आणि तिच्यासमोर येऊन बसल्या.

"भरवता येते का," त्यांनी मला विचारलं, "का तेबी नाई नियमात?"

"भरवता येतं," मी म्हटलं.

त्यांनी घास केला. तन्वीनं तोंड उघडलं. मोहितनं आपल्या ताटातलं लोणचं सरकवलं, ते वंदनाताईंनी घेतलं, आणि पुढच्या घासाला लावलं.

शाळा सुटली तरी मूठ उघडली नाही. वंदनाताईंनी तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवलं. फाटकापाशी थांबून सरांना म्हणाल्या, "उद्या सकायी येतो. रातभर काई धरून नाई राह्यत थे." मग दोघी वावराच्या वाटेनं गेल्या. तन्वी पुढे, हात थोडा पुढे काढून, आणि आई मागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शोभाताईंची चूल पेटायच्या आधी शाळेत पोचले. खोली उघडली, खिडकीतली पितळी वाटी घेतली, ओढणीत गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातली, आणि फाटकाकडे तोंड करून पायरीवर बसले.