युग्लिना कोणत्या कपाटात?

आमच्या कॉलेजच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत एक सहायक होते, सगळे त्यांना 'कपाटवाले' म्हणायचे. स्लाइडच्या दोन कपाटांच्या किल्ल्या कायम कमरेला. पोरापेक्षा किल्ल्यांना जास्त जपतात, असं आम्ही त्यांच्या मागे म्हणायचो. खोटं कशाला बोलू, तोंडावरही म्हणायचो. कारण पोराशी त्यांचा अबोला होता, सतरा वर्षांचा! पोरगा बारावीच्या प्रात्यक्षिकात नापास झाला, डॉक्टरकी हुकली, आता चष्म्याचं दुकान चालवतो. "माझ्याच प्रयोगशाळेत माझं नाक कापलं," हे बापाचं पालुपद. एका घरात राहून निरोप जायचे ते सुनेमार्फत.

आणि तीच सून आमच्याकडे प्राध्यापिका म्हणून आली की हो! घरी सूनबाई, इथे मॅडम. आल्या आल्या तिने कपाटं उघडायला लावली. डावं वनस्पतींचं, उजवं प्राण्यांचं. पाहता पाहता तिचे डोळे विस्फारले.

"बाबा, युग्लिना हा एवढासा एकपेशीय जीव, तो दोन्ही कपाटांत कसा?"

"त्याचं असं आहे मॅडम, तिच्यात हरितद्रव्य, म्हणून वनस्पतीवाले सर म्हणायचे आमची. शेपटी हलवत पोहते, म्हणून प्राणीवाले सर म्हणायचे आमची. रोज जुंपायची! मग मी निम्म्या इकडे ठेवल्या, निम्म्या तिकडे. तंटा मिटला."

"आणि परीक्षेत?"

"ज्या कपाटातली स्लाइड, ते उत्तर. बरोबर उत्तरांची यादी मीच तर करून द्यायचो."

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या.

"अहो, ती दोन्ही नाही! पेशी एकच, पण तिच्यात केंद्रक आहे, असे जीव प्रोटिस्टा या वेगळ्या गटात टाकतात. केंद्रकच नसलेले जीवाणू आणखी वेगळे, ते मोनेरात. पुस्तकात केव्हाचं आलंय हे."

"मला कोण सांगणार?"

"ह्यांनी सांगितलं होतं. त्याच प्रात्यक्षिकाच्या पेपरात. 'वनस्पती नाही, प्राणीही नाही' असं लिहिलं, म्हणून दोन गुण गेले. नापास झाले ते एका गुणाने."

कपाटवाले पांढरेफटक पडले. मी दारातच होतो, कामासाठी बरं का.

"हे तो मला बोलला नाही..."

"तुम्ही विचारलंत कधी?"

ते वळले आणि कपाटं सताड उघडी टाकून चालू लागले. एकतीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. मी मागोमाग. एवढी बातमी कोण सोडतो?

दुकानात पोरगा एका आजींचे डोळे तपासत होता. बापाला पाहून त्याच्या हातातली काच काउंटरवर आपटली.

"युग्लिना," बाप म्हणाला. "तुझं बरोबर होतं. यादी माझी चुकली होती."

आजी एक डोळा झाकून बसलेल्या. "अरे, खालची ओळ वाचू का नको?"

"थांबा हो आजी," म्हणत त्याने स्टूल ओढलं आणि बापापुढे ठेवलं. बाप बसला.